सुट्टी लागण्याआधीचे पंधरा दिवस

परीक्षा जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. अभ्यासाचे प्रश्न मागे पडतात आणि सुट्टीचे पुढे येतात. या वेळी तशी चार पत्रं निवडली आहेत. माझी नोकरीतली बहुतेक वर्षं वसतिगृहाची अधीक्षक म्हणून गेली, आधी मुलींच्या आणि नंतर मुलांच्या. त्यामुळे उत्तरं त्या अनुभवातूनच येणार. पत्रं थोडक्यात देते आहे. नावं-गावं अर्थातच काढली आहेत.

प्रश्न : ताई, माझा मुलगा घरापासून लांब, वसतिगृहात राहून शिकतो. दुसऱ्या वर्षाला आहे. तीन आठवड्यांत परीक्षा संपून तो उन्हाळ्याच्या सुट्टीला घरी येईल. गेल्या वर्षी शेवटच्या रात्री कसंबसं सामान कोंबून आला. निम्मे कपडे ओले, चार्जर तिकडेच राहिला, आणि टेबलाचा मोडका खण त्याच्या नावावर लागून अनामत रकमेतून पैसे कापले गेले. घरी आल्यावर महिनाभर दुपारपर्यंत झोपायचा. त्यावरून आमचे रोज खटके. या वर्षी आठवडाभर आधी मीच तिकडे जाऊन सगळं आवरून द्यावं असं मनात आहे. हे म्हणतात, जाऊ नकोस, त्याचं त्याला करू दे. कोणाचं ऐकू?

उत्तर : जाऊ नका. आणि 'त्याचं त्याला करू दे' म्हणून हातही झटकू नका. वीस वर्षांच्या मुलाला सामान बांधता येत नाही असं नसतं. परीक्षेच्या धामधुमीत पुढच्या दहा दिवसांचा विचार करायला त्याच्या डोक्यात जागा उरत नाही, खरी अडचण ती आहे. तुम्ही मदत करायची ती तिथे. विचार तुम्ही करवून घ्या, काम त्याच्या हातून होऊ द्या.

सगळ्यात आधी तिकीट बघा. शेवटचा पेपर दुपारी आणि गाडी संध्याकाळी, असं त्याने काढलं असेल तर आजच बदलायला सांगा. पेपर आणि प्रवास यांच्यामध्ये निदान एक पूर्ण दिवस मोकळा हवा. सुट्टी लागताना वसतिगृहात जे गोंधळ मी पाहिले, त्यातले बहुतेक या एका दिवसाच्या अभावी झालेले. हिशेब चुकता करायला कार्यालय उघडं नव्हतं, ग्रंथालयाचं पुस्तक बॅगेतच गेलं, धुतलेले कपडे वाळले नव्हते, खोलीची पाहणी करून सही देणारा माणूस भेटला नाही. मुलगा म्हणेल, एक दिवस उगाच वाया जाईल. तुम्ही ठाम राहा.

मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी त्याला अर्धा तास फोनवर घ्या. त्याने खोलीच्या मधोमध उभं राहायचं आणि दारापासून सुरुवात करून एकेका वस्तूचं काय करायचं ते मोठ्याने बोलायचं. घरी न्यायची, इथे ठेवायची, कोणाला तरी द्यायची की टाकायची. तुम्ही फक्त लिहून घ्या. मध्ये सल्ला देऊ नका, 'अरे ते कशाला टाकतोस' तर अजिबात नको. शेवटी यादीचा फोटो त्याला पाठवा. यादी तुमच्या अक्षरात असली तरी निर्णय त्याचे असतात, म्हणून तो ती पाळतो. आईने आपल्या मनाने करून पाठवलेली यादी मुलं उघडूनही बघत नाहीत, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आता ओल्या कपड्यांविषयी, कारण ते तुम्हाला वाटतं त्यापेक्षा महत्त्वाचं आहे. सुट्टीनंतर बंद खोल्या उघडायचं काम माझ्याकडे असायचं. काही खोल्यांचं दार उघडलं की उंबऱ्यावरच कोंदट वास यायचा. कपाट उघडावं तर बुटांच्या चामड्यावर हिरवट-पांढरी बुरशी, वह्यांच्या कडांना काळे ठिपके, गादीच्या खालच्या अंगाला डाग. आणि खणाच्या तळाशी बोळा करून टाकलेला एक टॉवेल. पुष्कळदा सगळं तिथूनच सुरू झालेलं असायचं. ओल्या कापडावर एक-दोन दिवसांतही बुरशी धरू लागते, आणि बंद कपाटात हवेतली आर्द्रता सतत साठ-सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की ती शेजारच्या वस्तूंवर पसरते. म्हणून शेवटची धुणी निघण्याच्या आदल्या दिवशी करायची नाही. चार दिवस आधी करायची, आणि निघेपर्यंत लागणारे मोजके कपडे वेगळे काढून ठेवायचे. न धुतलेले लोकरीचे कपडे तर मुळीच ठेवू नयेत. लोकर खाणाऱ्या कसरीच्या अळ्यांना घामाचे आणि खाण्याचे डाग लागलेली लोकर विशेष आवडते. कपाट रिकामं असेल तर त्याचं दार किंचित उघडं राहू द्यावं. खोलीत छोटा फ्रीज असेल तर तो आदल्या दिवशी बंद करून, बर्फ वितळवून, आतून कोरडा पुसून, दार उघडं ठेवूनच निघायचं. बंद केलेला आणि दारही लावलेला फ्रीज सुट्टीनंतर उघडायला लागणं ही शिक्षा आहे.

जुना फोन, बिनतारी स्पीकर अशी बॅटरीची वस्तू मागे ठेवणार असेल तर ती पूर्ण भरून ठेवू नये आणि पूर्ण संपवूनही ठेवू नये. लिथियम-आयन बॅटरी निम्म्याच्या आसपास भरलेली आणि थंड जागी असेल तर जास्त टिकते. पूर्ण भरलेली बॅटरी उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत पडून राहिली की लवकर म्हातारी होते. पूर्ण संपलेली इतकी खाली जाऊ शकते की नंतर चार्जच होत नाही.

टेबलाच्या खणाचा प्रश्न फोटोने सुटतो. सामान निघाल्यावर रिकाम्या खोलीचे फोटो काढायचे. चारही भिंती, खिडकीच्या काचा, टेबलाचा प्रत्येक खण उघडून, पलंगाखाली, दिव्याची बटणं. जे आधीपासून मोडलेलं आहे त्याचा जवळून एक आणि लांबून एक. मग वसतिगृहाच्या माणसाला बरोबर घेऊन खोली दाखवायची आणि वस्तूंच्या यादीवर त्याची सही घ्यायची. त्या सहीच्या कागदाचाही फोटो. पुढच्या वर्षी नवी खोली मिळाली की सामान आत नेण्याआधी हेच पुन्हा करायचं, म्हणजे दुसऱ्याने मोडलेलं आपल्या माथी येत नाही. तेव्हा मी टेबलाच्या पलीकडल्या बाजूला बसायचे. ज्या मुलाकडे तारखेसह फोटो असायचे, त्याच्याशी वाद घालायला आम्हाला कधी कारण उरायचं नाही.

प्रवासातून आलेली बॅग आल्याआल्या पलंगावर ठेवू देऊ नका, एवढं घरचं पथ्य मात्र पाळाच. वसतिगृहातल्या गाद्यांमध्ये ढेकूण असतात आणि ते बॅगेच्या शिवणीत बसून घरी येतात. कपडे थेट धुवायला टाका. कापडाला सोसत असेल तर गरम पाण्यात धुवा किंवा ड्रायरमध्ये जास्त तापमानावर अर्धा तास फिरवा. उष्णता पन्नास अंशांच्या वर काही काळ टिकली की ढेकूण आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात.

आता झोप. या बाबतीत मला तुमच्या मुलाची बाजू घ्यायची आहे. पौगंडावस्थेपासून माणसाचं शरीरातलं घड्याळ उशिराकडे सरकत जातं आणि साधारण विशीच्या आसपास ते सर्वांत उशिरा चालतं. तिथून पुढे ते हळूहळू परत लवकरच्या बाजूला येतं. मुलींमध्ये हे वळण मुलांपेक्षा थोडं आधी येतं. जर्मनीतल्या संशोधकांनी हजारो लोकांच्या झोपेच्या वेळा तपासून २००४ मध्ये हे मांडलं. म्हणजे तुमचा मुलगा आत्ता आयुष्यातल्या सर्वांत उशिराच्या वेळापत्रकावर आहे. त्यात परीक्षेची जागरणं. पहिले पाच-सहा दिवस त्याला झोपू द्या. दाराशी जाऊन भांडी वाजवू नका. त्यानंतर मात्र उठण्याची एक वेळ त्याच्याशी बोलून ठरवा आणि रोज त्याच वेळी तो घराबाहेर उजेडात जाईल असं काहीतरी काम ठरवून द्या. सकाळचा उजेड हे घड्याळ मागे ओढतो. झोपण्याच्या वेळेवरून भांडून काही होत नाही, उठण्याची वेळ धरली की झोपण्याची आपोआप मागे येते.

आणि खटक्यांबद्दल. ते झोपेवरून होतात असं वाटतं, पण मुळात ते घरातल्या जागेवरून असतात. तो वर्षभर कोणालाही न विचारता बाहेर जात-येत होता. तुम्ही वर्षभर त्याच्या परतण्याची वाट बघत नव्हता, आता पुन्हा रात्री जागून बघू लागता. तो येण्याआधी फोनवर तीनच गोष्टी बोलून घ्या : रात्री उशीर होणार असेल तर किती वाजेपर्यंत कळवायचं, घरातलं कोणतं काम पूर्णपणे त्याचं, आणि सुट्टीतल्या खर्चाला पैसे किती व ते कोणाचे. यापेक्षा जास्त नियम ठरवू नका. मुलगा घरी पोचून जेवायला बसला असताना तर हा विषय काढूच नका.

एक छोटी गोष्ट राहिली. डोळे, दात, लसीचा राहिलेला डोस यांच्या वेळा आत्ताच घेऊन ठेवा. अक्कलदाढा साधारण सतरा ते पंचवीस या वयात येतात, त्यामुळे त्याची दाढ मधूनमधून दुखत असेल तर सुट्टीच्या सुरुवातीला दाखवलेली बरी. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात दाढ काढून सुजलेल्या गालाने कॉलेजला परतणारी मुलं मी पाहिली आहेत.

प्रश्न : मॅडम, मी दुसऱ्या वर्षात शिकते. मागच्या सत्रातला एक विषय राहिला आहे, त्याची फेरपरीक्षा सुट्टी संपता संपता आहे. मला सुट्टीत इंटर्नशिपही करायची आहे. एका ठिकाणी निवड झाल्याचा मेसेज आला, पण ते नोंदणी आणि प्रशिक्षणासाठी आधी पैसे मागत आहेत, नंतर परत देऊ म्हणतात. मैत्रिणी म्हणतात भर, प्रमाणपत्र तर मिळेल. घरी विचारायची भीती वाटते. आणि दहा आठवड्यांत अभ्यास व काम दोन्ही कसं जमवू?

उत्तर : पैसे भरू नकोस. काम करणाऱ्याला पैसे द्यायचे असतात, त्याच्याकडून घ्यायचे नसतात. 'नंतर परत देऊ' हे वाक्य तर सावध होण्याचं आणखी एक कारण आहे. मुलाखत न घेता, तू काय शिकतेस हे न विचारता निवड झाली असेल, तर त्यांना तुझं काम नको आहे, तुझी रक्कम हवी आहे. प्रमाणपत्राचं म्हणशील, तर पुढे नोकरी देणारा माणूस विचारतो, 'तिथे रोज नेमकं काय केलंस?' त्याला उत्तर देता आलं नाही की कागदाचा काही उपयोग होत नाही.

दुसरी एखादी संधी आली तर कागदावर पाच गोष्टी माग : काम काय, तारखा कोणत्या, रोजचे तास किती, देखरेख कोणाची, मानधन किती किंवा नाही. देखरेख करणाऱ्या व्यक्तीशी एकदा बोलायचं आहे असं सांग. खरी जागा असेल तर यात कोणाला राग येत नाही. पत्र ज्या ईमेलवरून आलं, तो पत्ता त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच्या पत्त्याशी जुळतो का बघ. मूळ गुणपत्रिका कोणाच्या ताब्यात देऊ नकोस. आणि तुझ्या बँक खात्यात पैसे येतील, त्यातले थोडे ठेवून बाकीचे पुढे पाठव, असं 'काम' कोणी देऊ केलं तर तिथेच संपर्क तोड. तो चोरीचा पैसा फिरवण्याचा प्रकार असतो, आणि खातं तुझ्या नावावर असल्यामुळे पहिली चौकशी तुझी होते.

घरी सांग. आजच सांग. अजून पैसे गेलेले नाहीत, त्यामुळे ही बातमी वाईट नाही. 'मला असा मेसेज आला, मला शंका आली, मी भरले नाहीत' एवढंच वाक्य आहे. आणि भरले असतील, तरीही सांग. मग बँकेला कळवायला एक तासही थांबू नकोस.

इंटर्नशिप नाही मिळाली तर सुट्टी फुकट गेली असं समजू नकोस. तुझ्याच विभागातल्या एखाद्या प्राध्यापकांना सुट्टीत प्रयोगशाळेत किंवा संशोधनाच्या कामात मदतनीस लागतो का, हे विचारायला ते गावाला जाण्याआधी भेट. पुढच्या वर्षी त्यांच्याकडून शिफारसपत्र लागणार असेल तर तेही आत्ताच कानावर घाल. वर्ग संपल्यावर महिन्याने आलेल्या ईमेलमधून चेहरा आठवत नाही.

आता राहिलेला विषय. तू कॅम्पस सोडण्याआधी तीन कामं करायची आहेत. त्या विषयाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि लागणारं पुस्तक ग्रंथालयातून घे, सुट्टीभर ते आपल्याकडे ठेवता येईल का विचारून घे. शिकवणाऱ्या शिक्षकांची पंधरा मिनिटं माग. आणि तिसरं, तुझी मागची उत्तरपत्रिका बघायला मिळत असेल तर ती बघ. गुण कुठे गेले हे न बघता मुली पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करतात. पहिले चार धडे तीनदा होतात आणि ज्या भागाने घात केला तो पुन्हा शेवटीच येतो. उत्तरपत्रिका समोर ठेवून तीन रकाने कर : येतच नव्हतं, येत होतं पण लिहिता आलं नाही, वेळ पुरला नाही. तिघांवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्याला शिकवणारं माणूस लागतं. दुसऱ्याला लिहिण्याचा सराव लागतो. तिसऱ्याला घड्याळ लावून सोडवलेल्या प्रश्नपत्रिका.

रोज वाचण्यापेक्षा रोज आठवून लिही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं की पाठ केलेल्या निरर्थक अक्षरगटांपैकी निम्म्याहून जास्त तासाभरातच निसटतात, आणि नंतर निसटण्याचा वेग मंदावतो. अर्थ असलेला मजकूर इतक्या झपाट्याने जात नाही, पण चाल तीच असते. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले. एक त्यांनी पुन्हा वाचला, दुसरा न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा जास्त आठवत होता. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहून काढलेल्यातलं ५६ टक्के आठवत होतं आणि पुन्हा वाचलेल्यातलं ४२ टक्के. पुन्हा वाचताना आपल्याला सगळं येतंय असं वाटतं ते या पाच मिनिटांमुळे. तू फसू नकोस.

काम आणि अभ्यास दोन्हींसाठी माझा हिशेब असा. कामाला लागण्याआधीचा पहिला आठवडा फक्त विश्रांतीला दे. त्यानंतर रोज कामावर जाण्याआधी पाऊण तास पुस्तक मिटून लिहिण्याचा. संध्याकाळी दमून आल्यावर अभ्यास करीन असं ठरवू नकोस, तो होत नाही. आठवड्यातून एकदा पूर्ण प्रश्नपत्रिका, वेळ लावून. एक धडा लागोपाठ चार दिवस करण्यापेक्षा आठवड्याने, मग दोन आठवड्यांनी पुन्हा घे. शेवटचे दोन आठवडे काम ठेवू नकोस, आणि हे काम स्वीकारतानाच त्यांना सांग.

निघण्याआधी लॅपटॉपमधल्या नोंदी आणि प्रकल्प सुरक्षित करून ठेव. फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. लॅपटॉप प्रवासात हरवला आणि त्याच बॅगेत पेनड्राइव्हही होता, असं म्हणत रडणाऱ्या मुलीची समजूत मला घालावी लागली आहे. तिचा वर्षभराचा प्रकल्प गेला होता.

प्रश्न : मुलगी विमानाने घरी यायची आहे. तिची पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकली तर चालेल का? क्षमता २०,००० एमएएच लिहिली आहे.

उत्तर : नाही चालणार. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ठेवता येत नाहीत, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तिथे आग लागली तर विझवायला कोणी पोचू शकत नाही. ती हातातल्या बॅगेतच ठेवायची. मर्यादा वॉट-तासांत असते. १०० पर्यंत सहसा परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी विमान कंपनीला विचारावं लागतं, त्यावर नाही. एमएएचला ३.७ ने गुणून हजाराने भागा. तुमच्या मुलीची ७४ वॉट-तासांची आहे, म्हणजे बसते. आकडा पुसट झाला असेल तर तपासणीत अडवतात, तेव्हा तो वाचता येतो का हे आधी बघायला सांगा. काही कंपन्या याहून कडक नियम लावतात आणि प्रवासात पॉवर बँक वापरूही देत नाहीत. तिकिटाबरोबर आलेल्या सूचना वाचून घ्याव्यात.

प्रश्न : ताई, सुट्टीत सगळे घरी जातात. मला जायला घर नाही. आईवडील नाहीत, नातेवाइकांकडे राहण्यासारखी परिस्थिती नाही. गेल्या वर्षी सुट्टीभर वसतिगृहात एकटाच होतो. पहिले दोन दिवस बरं वाटलं, मग दिवस कळेनासे झाले. कोणाशी बोललो नाही असे दिवसच्या दिवस गेले. या वर्षी त्या विचाराने आत्तापासूनच धडधडतं. हा प्रश्न या सदरात बसतो का माहीत नाही.

उत्तर : बसतो. बाळा, हा प्रश्न मला सर्वांत आधी घ्यायला हवा होता. तुझ्यासारखी मुलं प्रत्येक वसतिगृहात असतात, आणि सुट्टीची सगळी चर्चा त्यांच्या डोक्यावरून चाललेली असते. सगळे एकमेकांना 'तू कधी निघतोस?' असं विचारत असतात, तेव्हा तुझ्या पोटात काय होत असेल याची मला कल्पना आहे. दर वर्षी असा एक तरी मुलगा माझ्या कार्यालयाच्या दाराशी काहीतरी निमित्त काढून उभा असायचा. बल्ब गेलाय, नळ गळतोय. नळ गळत नसायचा.

पहिलं काम कागदाचं, आणि ते याच आठवड्यात. सुट्टीत राहायची परवानगी लेखी घे. अर्जात तुझी परिस्थिती एका वाक्यात लिही, लाजू नकोस. मेस कोणत्या तारखेपासून बंद, पाणी-वीज-इंटरनेट चालू राहणार का, दवाखाना उघडा का, रात्री जबाबदार व्यक्ती कोण आणि तिचा नंबर काय, हे सगळं विचारून लिहून घे. बऱ्याचदा सुट्टीत एक मजला बंद करून राहणाऱ्या मुलांना एकत्र आणतात. तुमच्याकडे तसं करत नसतील तर तूच सुचव. 'जे राहणार आहेत त्यांना एकाच मजल्यावर द्या' ही मागणी कोणतीही अधीक्षक समजून घेईल. आणि अशी यादी केली की तुला कळेल, तू समजतोस तितका एकटा नाहीस. परदेशातून आलेले असतात, प्रकल्पासाठी थांबलेले असतात, घरी जाणं ज्यांना नको असतं असेही असतात.

दुसरं, दिवसाला बाहेरून खुंटी हवी. सकाळी ठरलेल्या वेळी तुझी वाट बघणारं कोणीतरी असलं पाहिजे. ग्रंथालयातलं अर्धवेळ काम, प्रयोगशाळा, लहान मुलांची शिकवणी, वृद्धाश्रमात जाऊन वाचून दाखवणं, खेळाचा सराव, काहीही चालेल, पण न गेलास तर 'आला का नाहीस?' असा फोन येईल असं काम निवड. स्वतःशीच ठरवलेलं वेळापत्रक चौथ्या दिवशी मोडतं, त्यात तुझा दोष नाही. पगार मिळणारं काम असेल तर अर्थातच अधिक चांगलं.

तिसरं जरा नाजूक आहे. एखाद्या मित्राने 'चल आमच्याकडे' म्हटलं तर उपकार नकोत म्हणून नाही म्हणू नकोस. पूर्ण सुट्टी नको, चार-सहा दिवसांसाठी जा. जाण्याआधी परतीची तारीख सांग, म्हणजे त्यांनाही मोकळं वाटतं आणि तुलाही. आणि ज्या मित्रांशी तुझं जमतं, त्यांतल्या दोघांना निघण्याआधी सरळ सांग, 'सुट्टीत मी इथेच असतो, मला ते जड जातं, आठवड्यातून एकदा फोन कर.' बहुतेक मित्रांना हे माहीतच नसतं. तू सांगितल्यावर ते करतील.

तू लिहिलेलं धडधडणं मी हलक्यात घेत नाही. तुमच्या कॉलेजात समुपदेशक असतील तर ते सुट्टीवर जाण्याआधी भेट. त्यांच्या पश्चात कोणाकडे जायचं ते त्यांच्याकडूनच लिहून घे. झोपेवर किंवा मनावर कुठलं औषध चालू असेल तर सुट्टीभर पुरेल इतकी व्यवस्था आत्ता कर. असं औषध आपल्या मनाने अचानक बंद करायचं नसतं. जगावंसंच वाटत नाही असा विचार कधी आला, तर पहाट होण्याची वाट न बघता रात्रीच्या त्या जबाबदार व्यक्तीचं दार वाजव. त्यासाठीच ती तिथे असते. मला अशा दारावरच्या थापेने उठवलं गेलं आहे, आणि त्या मुलाने थाप मारली याबद्दल मी आजही त्याची ऋणी आहे.

हे वाचणाऱ्या पालकांना एक विनंती. मुलाला फोन कराल तेव्हा विचारा, 'तुझ्या मजल्यावर सुट्टीत मागे कोण राहतंय?' नाव कळलं आणि घरात जागा असली तर त्यालाही चार दिवस बोलवा. निमंत्रण मुलामार्फत पाठवू नका, तुम्ही स्वतः फोनवर बोला. मित्राने म्हटलेलं 'ये ना' भिडेपोटी आहे असं वाटून ही मुलं टाळतात, पण मित्राची आई बोलली की येतात.

आणि तू, अर्ज उद्याच दे. परवानगी नाकारली किंवा उत्तरच आलं नाही तर मला पुन्हा लिही, वसतिगृहाचा पत्ता कळव. मी तिथल्या अधीक्षकांशी स्वतः बोलेन.